छपरावरच्या रजया

कोहरा पडला की शारदाआत्याचा फोन येतो. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही नाही. एकदम प्रश्न, "मंदे, मीटर किती दाखवतोय?" आत्या आता ऐंशीला टेकली. जन्मभर तिने दुर्गाघाटाजवळच्या शाळेत संस्कृत शिकवलं. विजेशी तिचा संबंध एवढाच, की बटण दाबल्यावर दिवा लागावा आणि नाही लागला तर वीजखात्याचा सात पिढ्यांसकट उद्धार करावा. तरी गेले काही हिवाळे ती हा प्रश्न न चुकता विचारते आणि आकडा ऐकून जाणकारासारखं "हं" म्हणते. आज सकाळीही विचारला. मी खिडकीशी उभी होते. समोरचा कडुनिंब नाहीसा झाला होता, रस्ता नाहीसा झाला होता, आणि दारातल्या आमच्या पांढऱ्या गाडीचे फक्त आरसे दिसत होते.

महाराष्ट्रातल्या लोकांनी धुकं म्हणावं. आम्ही चार पिढ्या काशीत मुरलेले, आमच्या तोंडात कोहराच बसतो. धुकं हलकं असतं, डोंगरावरून येतं आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत निघून जातं. कोहरा तसा नाही. तो पाहुणा म्हणून येतो आणि आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतो. पौषात त्याने एकदा बैठक मारली की सूर्य कुठल्या बाजूला उगवतो हेही आठवून सांगावं लागतं. लोक कुरकुरतात, मलाही पूर्वी हा ऋतू आवडायचा नाही. आता कोहऱ्याचा ओला, धुरकट वास नाकात गेला की मला हसू येतं, आणि ते का येतं हे घरात दोनच माणसांना ठाऊक आहे असं मी आज सकाळपर्यंत समजत होते.

आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, रेल्वेत पस्तीस वर्षं एकच काम केलं. डब्यांतले दिवे आणि पंखे जिवंत ठेवायचे. डब्याच्या पोटाखालच्या बॅटऱ्या त्यांनी लेकरांसारख्या सांभाळल्या. निवृत्तीनंतर लोकांचे नवरे गुलाब लावतात किंवा गुडघ्यांवर बोलतात. ह्यांनी एक जुनी बारा सीटची गाडी आणली, सीटा उपटून काढल्या आणि आत दोन बाकडी, एक शेगडी, ताटाएवढं बेसिन, बाकड्याखाली दोन मोठ्या बॅटऱ्या आणि छपरावर दोन सोलर पॅनल बसवले. आत्याने गाडीला आतून-बाहेरून पाहिलं, पॅनलकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." तेव्हापासून गाडीचं नाव बिऱ्हाड.

बिऱ्हाडात राहायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की वीज ही वस्तू आहे. घरात ती हवेसारखी असते, भिंतीतून येत राहते. बिऱ्हाडात ती रांजणातल्या पाण्यासारखी असते. काढली तेवढी कमी होते आणि कोणीतरी भरल्याशिवाय भरत नाही. भरणारा एकच, वरचा. दाराशेजारी मीटर आहे. त्यावर पावणेतेरा म्हणजे पोट भरलेलं, सव्वाबारा म्हणजे अर्धं, आणि बाराच्या खाली गेलं की खरोखरच बारा वाजले. ह्यांचे नियम कडक. इंडक्शनची शेगडी ऊन माथ्यावर असतानाच लावायची. मोबाइल दुपारी चार्ज करायचा. इन्व्हर्टर काम झालं की बंद, कारण तो रिकामा बसूनही वीज पितो. आणि सगळ्यांत मोठा नियम, "तळातली अर्धी आपली नाही. ती अडीअडचणीची." मी म्हटलं, मग अर्ध्याच बॅटऱ्या घ्यायच्या होत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं ते पाहणं मी रेल्वेच्या नव्या भरती झालेल्या पोरांच्या वाट्याला येताना पूर्वी पाहिलं होतं.

आत्याला काय हवं होतं ते मात्र फार साधं होतं. बनारसी माणसाला घाटाचा कंटाळा आला की तो पलीकडे जातो, गंगेपार, रेतीवर. नावेत पीठ, वांगी, बटाटे टाकायचे, तिकडे अंघोळ करायची, गोवऱ्यांवर बाटी भाजायची, भरीत करायचं, दिवसभर उन्हात लोळायचं आणि संध्याकाळी परत. ह्याला इथे बहरी अलंग म्हणतात. आत्या लहान असताना तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सगळ्यांना घेऊन असे जात. एकदा सगळे तिकडेच राहिले आणि सकाळी उठून तिने पाण्यापलीकडून आपला घाट पाहिला. पहिलं ऊन थेट घाटाच्या तोंडावर पडतं. आपलं घर ह्या बाजूने असं दिसतं होय, असं तिला वाटलं होतं. "सत्तर वर्षं घाटावरून रेती बघतेय," ती म्हणायची. "एकदा रेतीवरून घाट बघायचाय. सकाळचा."

अडचण सकाळची नव्हती, आदल्या रात्रीची होती. आत्याचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. सहा वर्षं ती तोंडावर मुखवटा आणि त्याला नळी, नळीला मशीन, अशी झोपत होती. ती त्याला सोंड म्हणते. "गणपती झालाय माझा," असं सांगून हसते, पण डॉक्टरांनी एकही रात्र सोंडेशिवाय नको म्हणून बजावलेलं. त्यामुळे सहा वर्षांत ती एकाही लग्नाला राहिली नाही, पुण्याला सख्ख्या मैत्रिणीकडे गेली नाही. जिथे भिंतीत खात्रीची वीज नाही तिथे झोपणं नाही. दुर्गाघाटावर माझ्या भावाच्या घरी तिच्या खोलीत इन्व्हर्टर आहे, म्हणून ती आणि ती खोली. मला तर वाटतं, ह्यांनी बिऱ्हाड बांधलं ते थोडं आत्यासाठीच. तसं त्यांनी कधी म्हटलं नाही. पण गाडीत दुसरं बाकडं घातलं तेव्हा त्याच्या उशाशी एक वेगळा प्लग घातला होता, आणि आमच्यापैकी कोणीही तिकडे डोकं करून झोपत नव्हतं.

तर त्या वर्षी संक्रांत झाल्यावर आम्ही बिऱ्हाड राजघाटच्या पुलावरून पलीकडे नेलं आणि रेतीच्या कडेला रामधनीच्या शेताच्या बांधाशी उभं केलं. रामधनी नावाडी. उन्हाळ्यात कलिंगडं लावतो, थंडीत मटार. शेतात त्याची झोपडी आहे, विजेचा खांब मात्र दोन शेतं सोडून. त्याचं काही वाटलं नाही, आमची वीज आमच्या डोक्यावर होती. मीटर पावणेतेरा. उद्या आत्याला नावेतून आणायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी कोहरा पडला.

आठ दिवस. कोहऱ्यात पॅनल म्हणजे छपरावरची काच, बाकी काही नाही. आत्याला अशा हवेत नावेत घालायचं नाही आणि पुलावरून गाडी परत न्यायची तर ह्यांची हिंमत नाही. समोरचा ट्रक नाकाला लागेपर्यंत दिसत नव्हता. मग आम्ही दोघं तिथेच राहिलो. खरं सांगायचं तर मजेत राहिलो. बाहेर काही दिसत नसल्यामुळे जग बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद झालं होतं. सकाळी रामधनीची बायको चुलीवरून चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, आणून द्यायची, वर आल्याचा कीस. आम्ही पत्ते खेळायचो. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतके बोललो नव्हतो, आणि इतके गप्पही बसलो नव्हतो. रोज संध्याकाळी आत्याचा फोन यायचा, "उद्या?" आणि हे म्हणायचे, "बघू." मीटर रोज थोडा उतरत होता. त्यात माझ्या चोरून लावलेल्या चहाच्या किटलीचा वाटा होता. ह्यांना ते माहीत होतं, पण चहा तेही पीत होते.

नवव्या दिवशी मी डोळे उघडले तेव्हा पडद्याच्या फटीतून एक पिवळी रेघ गादीवर आली होती. बाहेर आले तर ऊन. आठ दिवसांचं धुऊन ठेवलेलं ऊन. गंगा निळी दिसत होती, रेती चमकत होती. रामधनी हात पसरून उभा होता, "बहिनजी, आज त बढ़िया धूप निकलल हौ." ह्यांनी लगेच आत्याला फोन लावला आणि रामधनीची नाव घेऊन तिला आणायला गेले. जाताना म्हणाले, "दिवसभर असंच राहिलं तर रात्रीची चिंता नाही." एवढंच म्हणाले. मी आठ दिवसांनी ऊन पाहिलेली बाई होते, तेवढंही कुठलं ऐकते.

पौषातलं ऊन निघालं की अवघी काशी काय करते? रजया बाहेर काढते. गच्च्या, कठडे, सायकली, मंदिराच्या पायऱ्या, जिथे म्हणून ऊन पडतं तिथे रजई पडते. कोणी शिकवत नाही, हात आपोआप जातात. माझेही गेले. आमच्या रजया आठ दिवसांच्या कोहऱ्याने ओल्या जड झाल्या होत्या, आणि आज आत्या त्याखाली झोपणार. जमिनीवर दव, बांधावर चिखल. मी शिडीवरून छपरावर गेले. तिथे काय जागा होती! सपाट, काळीभोर, स्वच्छ, हात लावला तर कोमट. मी दोन्ही रजया नीट झटकून अंथरल्या, आत्यासाठी आणलेली घोंगडी अंथरली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. वर जागा उरली म्हणून रामधनीच्या बायकोचं कोहळ्याच्या वड्यांचं सूपही मागून घेतलं आणि मधोमध ठेवलं. खाली उतरून मान वर करून पाहिलं तेव्हा मला फार कृतार्थ वाटलं.

आत्या दहाच्या सुमारास आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मलइयोची मातीची कुल्हडं, आणि मागून ह्यांच्या खांद्यावर सोंडेची पेटी. नावेतून उतरल्याबरोबर तिने पायातले मोजे काढले आणि रेतीत पाय रोवून उभी राहिली. मलइयोचा, त्या दवात घुसळलेल्या दुधाचा, केशरी फेस तिच्या वरच्या ओठाला लागला होता. मग दिवसभर आमची बहरी अलंग झाली. मी पीठ मळलं, हे वांगी भाजत बसले आणि आत्या वेताचा मोडा टाकून उन्हात बसून आम्हाला दोघांना सूचना देत राहिली. मध्येच ती म्हणाली, "मंदे, रजया छान तापल्या असतील गं," आणि मी म्हटलं, "तापणारच, जागाच तशी काढलीय." हे तेव्हा गोवऱ्या फुंकत होते. धुराने त्यांचे डोळे मिटलेले होते, असं त्यांचं म्हणणं.

चार वाजता ऊन कललं, मी शिडीवरून रजया खाली टाकल्या आणि हे मीटर पाहायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातल्या रजयांकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं.

"हे सगळं कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"वर," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला कळलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त पायरीवर बसले. मीटर सव्वाबाराच्याही खाली होता. नऊ दिवसांत एकदाच उघडलेला सूर्य मी रजईखाली झाकून ठेवला होता. इंजिन चालवून बॅटऱ्या भरायची सोय त्यांनी अजून केली नव्हती, ती होळीपर्यंत होणार होती. नदीवर तर कोहऱ्याची पहिली पट्टी उतरायला लागली होती. हे उठून आत्यासमोर उकिडवे बसले. "आत्या, तासाभरात नाव बंद होईल. तुम्हाला घरी सोडतो. मशीन रात्रभर चालेल ह्याची आज मला खात्री देता येत नाही."

 आत्याने रेतीतले पाय काढले आणि मोजे शोधायला लागली. एक सापडला, दुसरा तिच्या मांडीवरच होता तरी सापडेना. मला इतकं वाईट वाटलं की मी रजईत तोंड खुपसून उभी राहिले, आणि ती रजई खरंच छान ऊबदार झाली होती, त्याने आणखी वाईट वाटलं.

मग शिक्षिकेच्या आवाजात प्रश्न आला. "जावईबापू, सोंडेत जास्त वीज कोण खातं? हवा का?"

हे म्हणाले, "नाही. हवेचा पंखा फार थोडी खातो. जास्त खातं ते पाणी गरम करणारं. हवा कोमट, ओलसर करून देतं ना, ते. आणि मग इन्व्हर्टर स्वतः."

"पाणी गरम करून मला द्यायला सांगितलंय कोणी? मी माघात गंगेत बुडी मारणारी बाई. आणि ओलसर म्हणाल तर," तिने काठीने नदीकडे दाखवलं, "ते बघा, येतंय."

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पाणी गरम करणं हे सुखासाठी; एखादी रात्र ते बंद ठेवून मशीन चालवलं तर हरकत नाही, घसा कोरडा पडेल इतकंच. फोन ठेवल्यावर ह्यांचा चेहरा मी पाहिला. डब्यात अंधार झाल्यावर पाना घेऊन निघालेल्या माणसाचा चेहरा. त्यांनी इन्व्हर्टर बंद केला. पेटीतून वायर काढली आणि मशीन सरळ बॅटरीला जोडलं. मग दिवे बंद, पाण्याचा पंप बंद, माझा मोबाइल बंद, किटली तर रामधनीच्या झोपडीत नेऊन ठेवली. "आणि तळातली अर्धी?" मी हळूच विचारलं. ते वायर आवळत म्हणाले, "अडीअडचणीची म्हटलं होतं ना. ही अडचणच आहे." रामधनीने नाव काठाला बांधून टाकली.

जेवण गोवऱ्यांच्या उजेडात झालं. दुपारच्या उरलेल्या बाट्या आत्याने तुपात बुडवून खाल्ल्या आणि आजोबा इथेच कुठेतरी पाय घसरून पाण्यात कसे पडले होते ते सांगितलं. आठ वाजता ती सोंड लावून झोपली. रात्रभर जागून मीटरवर लक्ष ठेवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. रात्रीबद्दल मला अधिक काही सांगता येणार नाही, कारण गुन्हेगार असूनही मी रजईत शिरले आणि ती इतकी उन्हाची झाली होती की लगेच झोपले.

जाग आली ती मशीनच्या आवाजाने. म्हणजे ते चालू होतं. मीटर बाराच्या किंचित वर. हे मीटरसमोर मोड्यावर बसल्या बसल्या घोरत होते. आत्याने सोंड काढली, खाकरली आणि म्हणाली, "घशाचं वाळवंट झालंय. चहा ठेव. चुलीवर."

बाहेर कोहरा. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. हे जागे झाले, बाहेर पाहिलं, आणि फडकं घेऊन पॅनलवरचं दव पुसायला छपरावर चढले. मी आणि आत्या रेतीवरून पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. पलीकडून घंटा ऐकू येत होती, कोणीतरी कपडे आपटत होतं, आणि एक माणूस दुसऱ्याला बनारसी शिवी देऊन जवळ बोलावत होता. "आवाज आपलाच आहे," आत्या म्हणाली. आम्ही चहा पीत उभ्या राहिलो.

मग वारा आला. पडदा ओढावा तसा कोहरा मधोमध बाजूला झाला आणि समोर अख्खा घाट उभा राहिला. ऊन थेट पायऱ्यांवर. अमृतराव घाटाच्या पायऱ्या, मणिकर्णिकेचा धूर, त्याच्या उजवीकडे आमचा दुर्गाघाट, आणि वर कठड्याशेजारी आत्याच्या खोलीची हिरवी खिडकी, मिटलेली. सहा वर्षं ती त्या खिडकीच्या आतून इकडे पाहत होती. आत्याने माझं मनगट धरलं. आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. चार-पाच मिनिटं असतील. मग कोहरा परत मिटला. आत्याचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

आम्ही परत आलो तेव्हा हे छपरावर पाठमोरे बसून पॅनल पुसत होते. "दिसला का घाट, आत्या?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहून म्हणाली, "कुठला हो. एवढा कोहरा. काही नाही दिसलं. परत यावं लागणार."

त्याला चार वर्षं झाली. दर पौषात आत्या येते, सोंड घेऊन, तीन-तीन रात्री राहते, मध्ये एकदा पुण्याच्या मैत्रिणीकडेही बिऱ्हाडातूनच जाऊन आली. इंजिनची सोय झाली, बॅटऱ्या नव्या आल्या, रजया बांधावर वाळतात. आणि तिला घाट अजून दिसलेला नाही. कधी कोहरा, कधी चष्मा विसरला, कधी नेमकी नाव आडवी आली. मी जीभ चावून गप्प राहते.

आज मात्र राहवलं नाही. फोन ठेवून मी बाहेर गेले. हे शिडीवर चढून पॅनलवरचं दव पुसत होते. खाली उभी राहून मी सगळं सांगून टाकलं, की आत्याने त्या पहिल्याच सकाळी घाट पाहिला होता, खिडकीसकट.

हे पुसतच राहिले. "माहीत आहे," म्हणाले. "मी छपरावर होतो. वरून तर खिडकीची कडीसुद्धा दिसत होती."

"मग विचारलंत कशाला तिला?"

त्यांनी फडकं पिळलं. "त्या परत येणार का, ते विचारलं," ते म्हणाले. "जा, मीटर बघून ये आणि त्यांना सांग."